मायहुएनिऑप्सिस: वेंगुर्ल्यात एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

हे तीन कॅक्टस मी गेल्या वर्षी नोव्हेंबरात ऑनलाइन मागवले होते आणि रिव्ह्यू आत्ता लिहितेय, म्हणजे बरोबर एक वर्षाने. मुद्दाम थांबले. ऑर्डर देण्याआधी त्या नर्सरीच्या पेजवरचे सगळे रिव्ह्यू वाचले होते, सगळे पाच स्टार, आणि नीट बघितलं तर सगळे पार्सल फोडलं त्याच दिवशी लिहिलेले, पॅकिंग मस्त, झाड हेल्दी, थँक्यू दादा. त्या दिवशी मीपण हेच लिहिलं असतं. पण कोकणात झाडाबद्दल काही बोलायचं तर मधे एक पावसाळा गेला पाहिजे, त्याच्या आधी लिहिलेला रिव्ह्यू हा झाडाचा नसतो, खोक्याचा असतो.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. माणूस चांगला आहे, पार्सल व्यवस्थित पाठवतो, आणि जी माझी मुख्य तक्रार आहे ती मी नंतर आणखी सात-आठ पेजवर जशीच्या तशी बघितली, त्यामुळे एकट्याचं नाव घेऊन काही फायदा नाही.

आधी झाडाबद्दल, कारण ज्यांना कॅक्टस म्हणजे गोल चेंडू नाहीतर उंच खांब एवढंच माहीत आहे त्यांना हे कळणार नाही. मायहुएनिऑप्सिस ही दक्षिण अमेरिकेतली जात, म्हणजे एक झाड नाही, अख्खा गट, अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया त्या बाजूला अँडीज डोंगरात आणि खाली पॅटॅगोनियात. अंड्याएवढे किंवा त्याहून लहान तुकडे एकमेकांना इतके घट्ट चिकटून वाढतात की सगळं मिळून उशी होते. लांबून बघितलं तर काटे फुटलेला धोंडाच. एकेका उशीत शेकडो तुकडे, आणि वाऱ्याने उडालेली माती आत अडकून उशी वर्षानुवर्षं भरत जाते. वारा प्रचंड, रात्री बर्फ, दुपारी कडक ऊन, अशा जागी उंच वाढून चालत नाही, जमिनीला चिकटून घट्ट बसलं की वारा कमी लागतो आणि दिवसाची ऊब आत धरून ठेवता येते. यातलं ग्लोमेराटा नावाचं जे मी मागवलं ते अर्जेंटिनाच्या उत्तरेला हुहुई, साल्टा वगैरे भागात साडेतीन-चार हजार मीटरपर्यंत मिळतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी याचं घर आणखी वर.

नाव असं अवघड का तर तिकडे मायहुएनिया नावाचा अजून एक उशी करणारा कॅक्टस आहे, त्याला बारीक पानं असतात आणि ती टिकतात, तो वेगळा गट. त्याच्यासारखा दिसणारा म्हणून हा मायहुएनि-ऑप्सिस. स्पेगाझ्झिनी म्हणून इटलीत जन्मलेले आणि अर्जेंटिनात आयुष्य काढलेले वनस्पतीतज्ज्ञ होते, त्यांनी १९२५ साली हे नाव दिलं.

मी याच्या मागे लागले ते डार्विनमुळे. बीगल जहाजाच्या सफरीत पॅटॅगोनियात पोर्ट डिझायरला त्याला एक बुटका कॅक्टस मिळाला, १८३३ संपून १८३४ सुरू होत होतं तेव्हाची गोष्ट, आणि त्याने फुलात काडी आणि बोटाचं टोक घालून बघितलं तर आतले पुंकेसर हलले, आत वळले, आणि मागोमाग पाकळ्यापण मिटायला लागल्या पण जरा सावकाश. हेन्स्लो म्हणजे डार्विनचे केंब्रिजचे प्रोफेसर, त्यांनी १८३७ साली त्या झाडाला डार्विनचं नाव दिलं, तेव्हा ओपन्शिया डार्विनी, आता मायहुएनिऑप्सिस डार्विनी. आपण घरच्या लाजाळूला बोट लावतो तसं हा माणूस जगाच्या त्या टोकाला कॅक्टसच्या फुलात बोट घालून बसला होता हे वाचलं आणि मला ते झाड हवंच झालं. मलापण बोट घालून बघायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि माझा हिशोब काय होता सांगते, कारण हीच चूक दुसरं कोणी करू नये. पोर्ट डिझायर समुद्रकिनारी आहे. वेंगुर्ला समुद्रकिनारी आहे. तिथे खारा वारा, इथे खारा वारा. मला वाटलं उंच डोंगरावरचं ग्लोमेराटा कदाचित नाही जगणार पण किनाऱ्यावरचं डार्विनी नक्की जगेल. पण ते बंदर ४७ अंश दक्षिणेला आहे, आपण १६ अंश उत्तरेला. तिथला किनारा थंड आणि कोरडा, पाऊस नावाला, आणि आपला किनारा म्हणजे जून ते सप्टेंबर नुसतं पाणी. समुद्र सारखा असला म्हणून हवा सारखी होत नाही, आणि हे पेजवर एका ओळीत लिहिता आलं असतं. पेजवर काय लिहिलेलं? "अतिशय काटक, उणे १५ डिग्रीतही तगतं, सर्व हवामानात चालतं, नवशिक्यांसाठी उत्तम."

माझी तक्रार एवढीच आहे. या ओळीतला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा अर्धा त्याच्यावर उगाच बांधलाय. थंडी सहन करतं म्हणजे काहीही सहन करतं असं नाही.

आता पार्सल. पॅकिंगला माझ्याकडून पूर्ण मार्क. झाडं उत्तरेकडच्या थंड डोंगरातून निघाली आणि सहाव्या दिवशी इथे पोचली, माती झाडून मुळं उघडी करून सुकवलेली, काट्यांमधे टिश्यू पेपर हलक्या हाताने भरलेला, मग वर्तमानपत्र, मग खोक्यात लाकडाचा भुसा. एक तुकडा सुटला नव्हता, आणि या झाडाचे तुकडे नुसता धक्का लागला तरी सुटतात त्यामुळे हे सोपं काम नाही. मुळं उघडी पाठवली म्हणून काही लोक नाराज होतात पण कॅक्टससाठी तेच बरोबर, ओल्या मातीत सहा दिवस बंद राहिलं असतं तर वाटेतच कुजलं असतं. कुरिअरवाल्या दादाचा फोन आला, "ताय, तुमच्या पार्सलाक काटे लागतत, तुम्हीच येवन न्हेवा." गेले आणि आणलं. आजी पडवीत बसलेली, खोकं उघडताना बघत होती, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "गो बाय, पैशे देवन काटे हाडलंस?"

किंमत: ग्लोमेराटा नऊ तुकड्यांचा झुबका १,२५० रुपये, डार्विनी तीन तुकडे ९००, आणि तिसरं "मायहुएनिऑप्सिस, कागदी काटे" म्हणून ३५०, कुरिअर वेगळं. महाग आहे पण हे झाड आपल्याकडे सहज मिळत नाही आणि वाढतं फार हळू, त्यामुळे किमतीबद्दल मी काही म्हणणार नाही. मी ऑर्डर आधी फोन करून एक गोष्ट विचारली होती, झाड रानातून उपटून आणलेलं आहे का. त्याने तुकड्यांवरून स्वतः वाढवलेल्या मदर प्लांटचे फोटो पाठवले, तीन वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा, म्हणून घेतलं. हे सगळ्यांनी विचारा. इटलीत २०२० साली चिलीतून चोरून आणलेले हजाराच्या वर कॅक्टस पकडले गेले, बहुतेक कोपियापोआ गटातले, आणि २०२१ मधे त्यातले बरेच परत चिलीला पाठवले, त्यातली काही झाडं शंभर-शंभर वर्षांची असावीत अशी. कॅक्टसचं जवळजवळ सगळं कुटुंब साइट्सच्या (CITES, झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, बाहेरून आणायचं तर त्याचे कागद लागतात आणि आपल्याकडचा प्लांट क्वारंटाइनचा परमिटपण लागतो. विकणारा या प्रश्नावर गडबडला तर घेऊ नका.

एक सावधगिरी, नवीन लोकांसाठी. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नाही. प्रत्येक काट्याच्या बुडाशी केसासारखे बारीक काट्यांचे पुंजके असतात, ग्लोकिड म्हणतात, त्यांना उलटी आकडी असते, हाताला लागले की दिसतपण नाहीत आणि दोन दिवस बोटं चुरचुरतात. सेलोटेप चिकटवून ओढायची, राहिले ते चिमट्याने. कापडी ग्लोव्हज घालू नका, ते त्यात रुततात आणि मग ग्लोव्हजच टाकून द्यावे लागतात. मी वर्तमानपत्राची जाड घडी करून झाड धरते.

कुंडीतल्या मिश्रणाबद्दल पार्सलमधे छापील कार्ड होतं, अर्धं कोकोपीट, अर्धी वाळू. कोकोपीट इथे वापरू नका. आपल्याकडे नारळाचा काथ्या दारात मिळतो म्हणून सगळे तेच घालतात, पण ते पाणी धरून ठेवतं आणि आपल्या हवेत ते सुकतच नाही. मी जांभ्या चिऱ्याची बारीक खडी घातली, चाळून, धूळ काढून, त्यात फुटक्या कौलांचे तुकडे कुटून, थोडी नदीची जाडी वाळू आणि मूठभर जुनं शेणखत. समुद्राची वाळू घेऊ नका, धुतली तरी मीठ राहतं. कौलाचा तुकडा हा माझ्या मते कोकणातल्या कॅक्टसवाल्यांसाठी सगळ्यात भारी माल आहे, पाणी पितो, हळूहळू सोडतो, हवा खेळती राहते, आणि प्रत्येक मांगराच्या मागे ढीग पडलेला असतो, फुकट. माझ्या साठेक कुंड्या आहेत, सगळ्या आता याच मिश्रणात आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी काय सुंदर गेले. डिसेंबरात ग्लोमेराटाला दोन नवीन तुकडे फुटले, कोवळे हिरवे, प्रत्येकावर बारीक टोकदार पानं, हो या कॅक्टसला नवीन फुटीवर पानं येतात, छोटी, थोड्या दिवसांनी गळून जातात, ते बघायलाच मी रोज सकाळी चहा घेऊन टेरेसवर जायचे. जानेवारीत रात्री सतरा-अठरापर्यंत पारा उतरायचा तेव्हा झाडाला बरं वाटतंय हे दिसत होतं, तुकडे टणक, काटे चकचकीत. त्याच वेळी मी रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार गेले असते.

मार्चपासून वाढ थांबली. एप्रिलमधे रात्रीचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या खाली येईना आणि झाड नुसतं बसून राहिलं, सुरकुतलं पण नाही आणि वाढलं पण नाही, रंग मात्र पिवळट. तेव्हा वाचून जे कळलं ते सांगते कारण सगळा प्रश्न इथेच आहे. बाकीची झाडं दिवसा छिद्रं उघडून हवा घेतात, कॅक्टस दिवसा छिद्रं बंद ठेवतो म्हणजे पाणी उडून जात नाही, आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्ल करून साठवतो, दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न करतो. म्हणजे कॅक्टसची कमाई रात्रीची. त्यातून हे झाड अशा जागचं की तिथली रात्र गोठवणारी. रात्र गार असली की कमाई जास्त आणि खर्च कमी, रात्र गरम असली की श्वासोच्छ्वासातच साठवलेलं जळून जातं, दिवसभर राबून सकाळी तिजोरी रिकामी. आपण बघतो दुपारचं ऊन, शेडनेट लावतो, आणि झाड मरतंय ते रात्रीने. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी मे महिन्यात शेडनेटवर शेडनेट चढवत बसले नसते.

आणि मग पाऊस. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली सगळी झाडं, वर थेंब नाही, जूनपासून पाणी बंद. तरीही. घरात लावायचं छोटं डिजिटल मीटर कुंड्यांजवळ ठेवलं होतं, जुलैत त्यावर आर्द्रता सकाळ-संध्याकाळ नव्वदच्या वर, दुपारी कधी पंच्याऐंशी दाखवलं तर आनंद व्हायचा. टेबल फॅन लावून ठेवला होता पण पावसात लाईट जाते, एकदा गेली की चार-पाच तास, आणि तेवढ्या वेळात सांध्यांमधे दमट हवा कोंडून राहते. उशी घट्ट असणं ही त्याची तिकडची ताकद आहे आणि इथे तेच त्याचं मरण. तुकड्यांच्या मधे हवाच जात नाही. तिकडे आत ऊब राहते, इकडे आत ओल राहते.

पहिलं डार्विनी गेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक तुकडा जरा जास्त गडद वाटला, मी म्हटलं सावली आहे, चार दिवसांनी हात लावला तर पिकलेल्या चिकूसारखा मऊ. उपटून बघितलं, मुळं जाडसर गाजरासारखी असतात याची, ती आतून पूर्ण तपकिरी. तिन्ही तुकडे गेले. फूल बघितलं नाही, बोट घालणं राहिलंच.

ग्लोमेराटाचं आजीने ओळखलं. तिला दिसत कमी पण नाक शाबूत आहे. जिना चढून टेरेसवर आली होती सुकत घातलेली कोकमं बघायला, तर म्हणाली, "ह्येचो वास येता गो, ह्या झाडाचो." मी वाकून वास घेतला, खरंच आंबूस. मधला सांधा काळा. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून कापत गेले, पांढरं स्वच्छ लागेपर्यंत कापायचं असतं, मधे तपकिरी ठिपका दिसला तरी आणखी खाली. बाबांकडे सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण केलेलं होतंच, एक टक्का, म्हणजे शंभर लिटरला किलो मोरचूद आणि किलो चुना, ते कापलेल्या जागी लावलं. लावलेल्या जागा छान सुकल्या पण कूज दुसऱ्या सांध्यातून निघाली, मग तिसऱ्या. अकरा तुकड्यांतला एक मी जानेवारीत पुण्याला पाठवला होता, दोन फेब्रुवारीतच कलमासाठी काढले होते, राहिलेल्या आठपैकी नारळी पौर्णिमेपर्यंत एक उरला आणि गणपतीत तोही गेला.

म्हणजे स्वतःच्या मुळांवर वाढणाऱ्या ग्लोमेराटा आणि डार्विनीतलं काहीही वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यातून जगलं नाही. हे स्पष्ट लिहिते. पाणी न देता, छताखाली, फॅन लावून, चांगल्या मिश्रणात.

आता जे जगलं ते. कलमं. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर काजूची कलमं बांधत आले, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र माहीतच असेल, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात या काजूच्या जाती तिथल्याच, तर काकांचा हात त्यात मुरलेला. मी त्यांना तुकडा दाखवला आणि विचारलं याचं कलम होईल का. म्हणाले, "झाड कसला ता माका म्हायत नाय, पण खुंट जिवंत आणि सुरी धारदार असली की कलम जीव धरता." कॅक्टसचं कलम काजूपेक्षा सोपं असतं, पाचर नाही की पट्टी नाही, खुंटाचं डोकं आडवं सपाट कापायचं, वरच्या तुकड्याचं बूड तसंच कापायचं, दोन्हीकडे मधे एक कडं दिसतं, नसांचं, ती दोन कडी निदान एका बाजूला तरी एकमेकांवर बसली पाहिजेत, आणि मग रबरबँड कुंडीखालून वरून. आठवडाभर सावलीत, कापलेल्या जागी पाणी लागू द्यायचं नाही. एक तुकडा ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर, एक बांधावरच्या फड्या निवडुंगावर. काकांनी कडी जुळवताना चष्मा कपाळावर चढवला आणि अर्धा मिनिट श्वास रोखून धरला होता, ते मी विसरणार नाही.

दोन्ही जगली. पावसाळाभर. कारण मुळं आणि खालचं खोड खुंटाचं, ते दमट गरम हवेला सरावलेलं, आणि कूज बहुतेक वेळा खालून वर चढते. पण खरं सांगायचं तर झाडाचं रूप गेलं. ड्रॅगनफ्रूटवरचं तर लांबट काकडीसारखं झालंय, खुंट इतका जोरात पोसतो की तुकडे एकमेकांना चिकटून बसायच्याऐवजी ताणून वर जातात, काटे बारीक आणि विरळ, उशी होणारच नाही. फड्यावरचं जरा बरं आहे, आखूड, टणक, रंगपण जवळचा. फक्त फड्याला एक त्रास, ऑक्टोबरात खुंटावर पांढरा कापूस दिसला, चिरडला तर कुंकवासारखा लाल रंग. कोचिनीलची कीड. हीच जातकुळी १९२६ साली सिलोनहून दक्षिण भारतात मुद्दाम आणली होती फड्या निवडुंग हटवायला, आणि तिने तो बराच हटवलाही. जुन्या टूथब्रशने स्पिरिट लावून घासून काढली, दर आठवड्याला बघते.

आणि तिसरं झाड, साडेतीनशेवालं, त्याची गंमत. ते मायहुएनिऑप्सिस नव्हतंच. कागदासारखे चपटे लांब पांढरट काटे, तुकड्यावर तुकडा उभा, हात लागला की टपकन गळतो, हे टेफ्रोकॅक्टस आर्टिक्युलेटस. पश्चिम अर्जेंटिनातल्या खालच्या, उन्हाने भाजणाऱ्या कोरड्या भागातलं. जवळचं नातेवाईक पण घर वेगळं. मी डिसेंबरातच ओळखलं होतं आणि नर्सरीला फोटो पाठवला होता, त्यांनी मान्य केलं आणि लेबल बदललं. तर हे चुकीच्या नावाने आलेलं झाड मात्र पावसाळ्यात छताखाली बिनापाण्याचं आरामात राहिलं, एकही तुकडा कुजला नाही, ऑक्टोबर हीटमधे चार नवीन फुटलेत. उन्हाळ्यात गळलेले तुकडे मी नुसते खडीवर ठेवले होते, सगळ्यांना मुळं आली.

ग्लोमेराटाचा एक छोटा नवीन तुकडा मी जानेवारीत पुण्याला मावसबहिणीकडे पाठवला होता. तो अजून आहे, तिच्या पूर्वेच्या बाल्कनीत, स्वतःच्या मुळांवर, आणि त्याला शेजारी एक तुकडा फुटलाय. पुण्यात रात्री गार होतात, पाऊस आपल्यापेक्षा खूपच कमी. म्हणजे झाड वाईट नव्हतं, तिथून आलेलं झाड एकदम निरोगी होतं. जागा चुकली.

सप्टेंबरात मी नर्सरीला फोन केला. भांडायला नाही, सांगायला. ते म्हणाले, मॅडम, आमच्याकडे तर बाहेर उघड्यावर ठेवतो, कधी प्रॉब्लेम नाही. म्हटलं दादा, तुमच्याकडे रात्री स्वेटर लागतो, आमच्याकडे रात्री पंखा लागतो. ते जरा थांबले आणि म्हणाले हो, हा विचार केला नव्हता. अर्धे पैसे परत देतो म्हणाले, नाहीतर नवीन झाड. नवीन झाड नको म्हटलं, ते आणून मारायचं कशाला. पैसे घेतले, आणि विनंती केली की पेजवर "किनारपट्टीच्या दमट हवेत जगत नाही" एवढी ओळ घाला. ग्लोमेराटाच्या पेजवर घातली आहे, मी बघितलं. डार्विनीच्या आणि बाकीच्या चार-पाच जातींच्या पेजवर अजून "सर्व हवामानात" तसंच आहे, ते बदलेपर्यंत मी माहितीचे मार्क देणार नाही. कारण ९०० रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही, आणि पहिलाच कॅक्टस असा कुजला की माणूस स्वतःला दोष देतो, माझ्या हाताला झाड लागत नाही म्हणतो आणि नाद सोडतो. अशी दोन माणसं मला इथेच माहीत आहेत. त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

तर पॅकिंग पाचपैकी पाच, झाडाची तब्येत पाच, नाव बरोबर असणं तीनपैकी दोन झाडं म्हणून तीन, फोनवर वागणं चार, माहिती एक. एकूण मी तीन स्टार देतेय. घाटावर राहत असाल, रात्री गार होत असतील, पाऊस बेताचा असेल, तर बिनधास्त मागवा, आणि कोणी लेह-स्पितीकडे राहत असेल तर त्यांच्यासारखी जागा तर देशात दुसरी नाही, कोरडी आणि गार. रत्नागिरी, मालवण, देवगड, आमचं वेंगुर्ला, खाली पार गोव्यापर्यंत, स्वतःच्या मुळांवरचं मागवू नका. फारच ओढ असेल तर कलम केलेलं मागा, रूप बिघडेल हे धरून. उशीसारखं रूपच हवं असेल तर मॅमिलेरिया प्रोलिफेरा लावा, कॅरिबियन बेटांवरही वाढणारं झाड आहे ते, दमट हवेला घाबरत नाही, वर्षभरात कुंडी भरून पिल्लं देतं आणि वर लाल बारीक फळं. माझ्याकडचं सात वर्षांचं आहे, परातीएवढं झालंय. मेलोकॅक्टसपण आपल्याकडे खूश असतो, त्यातले काही तर तिकडे समुद्राच्या खडकांवरच वाढतात, फक्त पावसाचं पाणी डोक्यावरच्या लाल टोपीत साठू देऊ नका.

फड्यावरच्या कलमाला या थंडीत मी अजून एक जोड देणार आहे, काका तयार आहेत. टेफ्रोकॅक्टसचे मुळं आलेले वीसेक तुकडे आहेत माझ्याकडे, वेंगुर्ल्यात कोणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा, कमेंटमधे लिहा, येताना जाड वर्तमानपत्र आणि एक रिकामा डबा आणा.